‘ऑस्टेंटेशसली’ हे क्रियाविशेषण नेमके कसे वापरावे

अनुवादाची कामे नुकतीच घेऊ लागलो होतो, तेव्हा एका इंग्रजी कथेत ‘ही ऑस्टेंटेशसली क्लिअर्ड हिज थ्रोट’ हे वाक्य समोर आले. शब्दकोशात ‘ऑस्टेंटेशस’पुढे भपकेबाज, दिखाऊ, डामडौलाचा असे अर्थ दिलेले होते. त्यांतला पहिला उचलून मी ‘त्याने भपकेबाजपणे घसा खाकरला’ असे लिहिले आणि पुढच्या वाक्याकडे वळलो. मसुदा तपासणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि समासात लिहिले होते, ‘घशाचा भपका एकदा बघायला हवा.’ शब्दकोशाने दिलेला अर्थ खोटा नव्हता, तो त्या जागी बसत नव्हता एवढेच. शेवटी ते वाक्य ‘सगळ्यांचे लक्ष जावे म्हणून त्याने मोठ्याने घसा खाकरला’ असे झाले आणि या क्रियाविशेषणाकडे मी पहिल्यांदा नीट पाहिले.

इंग्रजी वाचताना हा शब्द अनेकदा भेटतो, स्पर्धा परीक्षांच्या शब्दसूचींतही तो असतो, तरीही स्वतः लिहिताना तो वापरण्याचा धीर होत नाही, किंवा वापरलाच तर भलत्या ठिकाणी जाऊन पडतो. याला कारण म्हणजे त्याचा अर्थ आपण ‘श्रीमंतीचे प्रदर्शन करत’ इतकाच धरून बसतो. श्रीमंतीचे प्रदर्शन हा त्याचा एक उपयोग झाला. शब्दाचा गाभा आहे तो पाहणाऱ्याच्या नजरेत. एखादी कृती कोणीतरी पाहावी आणि पाहणाऱ्यावर तिची छाप पडावी, यासाठीच ती तशी केलेली आहे असे लिहिणाऱ्याला वाटते आणि ते त्याला फारसे रुचलेले नसते, तेव्हा तो ‘ऑस्टेंटेशसली’ लिहितो.

खोली रिकामी करून पाहावी

अर्थ पक्का करण्यासाठी मी एक साधी कसोटी वापरतो. वाक्यातला प्रसंग डोळ्यांसमोर आणावा आणि मग मनातल्या मनात त्या माणसाखेरीज सगळ्यांना खोलीबाहेर पाठवावे. आता तो माणूस ती कृती त्याच पद्धतीने करील का? करणार असेल, तर ‘ऑस्टेंटेशसली’ तिथे चुकीचे आहे. कृती मुळीच होणार नसेल, किंवा झाली तरी लहान, झटपट, बिनआवाजाची होणार असेल, तर शब्द बरोबर आहे.

घड्याळ पाहण्याचे उदाहरण घेऊ, कारण इंग्रजी गद्यात हे क्रियाविशेषण त्या कृतीबरोबर फार वेळा येते. लांबलेल्या बैठकीत एका माणसाला किती वाजले ते जाणून घ्यायचे आहे. खरोखर तेवढेच जाणून घ्यायचे असेल, तर तो मनगट किंचित वळवतो, नजर खाली टाकतो, आणि अर्ध्या क्षणात पुन्हा समोर पाहू लागतो. शेजाऱ्यालाही ते कळत नाही. दुसरा माणूस मात्र हात टेबलावरून उचलतो, बाही कोपराच्या दिशेने सरकवतो, मनगट छातीच्या उंचीवर आणतो, तबकडीकडे पाहतो आणि काटे वाचायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ पाहत राहतो. मग हात सावकाश खाली ठेवताना त्याची नजर एकदा सगळ्यांवरून फिरते. किती वाजले हे त्याला आधीच ठाऊक होते. ‘ही ऑस्टेंटेशसली चेक्ड हिज वॉच’ हे वाक्य या दुसऱ्या माणसाचे आहे. वर वर्णिलेले चार-पाच तपशील इंग्रजी लेखक एका शब्दात बांधतो, आणि त्यासाठीच हा लांबलचक शब्द त्याला परवडतो.

या प्रसंगात पैसा, दागिने, गाडी यांपैकी काहीच नाही, हे लक्षात घ्यावे. घड्याळ स्वस्तातले असले तरी वाक्य तसेच राहते. तेच घड्याळ महागडे असते आणि लोकांनी त्याची किंमत ताडावी म्हणून माणसाने बाही सरकवली असती, तरीही हाच शब्द चालला असता, कारण दोन्हीकडे कृती पाहणाऱ्यांसाठीच केलेली आहे. पहिल्या अर्थाने ती संदेश पोचवण्यासाठी असते आणि दुसऱ्या अर्थाने मोठेपणा मिरवण्यासाठी. कोणता अर्थ घ्यायचा हे संदर्भ सांगतो, शब्द सांगत नाही.

याच कसोटीने आणखी एक चूक टळते. आपल्याकडे ‘बडा घर पोकळ वासा’ किंवा ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ अशा म्हणी तोंडावर असल्यामुळे, जिथे देखावा तिथे आत पोकळपणा असणारच, असे आपण गृहीत धरतो. ‘ऑस्टेंटेशसली’ या शब्दात पोकळपणाचा आरोप नाही. अब्जाधीश माणूस खराखुरा पैसा ऑस्टेंटेशसली खर्च करू शकतो, आणि विद्वान माणूस खरीखुरी विद्वत्ता ऑस्टेंटेशसली पाजळू शकतो. जे दाखवले जाते ते खरे असो वा खोटे, दाखवण्याचा सोस तेवढा या शब्दाने टिपला जातो.

मुळात ‘ताणणे’ आहे

व्युत्पत्ती पाठ करून शब्द वापरता येत नाही, हे खरे असले तरी या शब्दाची व्युत्पत्ती मराठी माणसाच्या विशेष कामाची आहे. मूळ लॅटिन क्रियापद ‘ऑस्टेंडेरे’ म्हणजे दाखवणे. त्यात ‘समोर’ या अर्थाचा उपसर्ग आणि ‘टेंडेरे’, म्हणजे ताणणे, हा धातू आहे. डोळ्यांसमोर ताणून धरणे, म्हणजे दाखवणे. लॅटिनमधला हा ‘टेंडेरे’ आणि संस्कृतातला ‘तन्’ हे धातू भाषाशास्त्रज्ञ एकाच कुळातले मानतात, त्यामुळे आपले ताण, ताणणे, तंतू हे शब्द या इंग्रजी शब्दाचे दूरचे नातलग ठरतात. इंग्रजीत मोरांच्या समूहाला ‘ॲन ऑस्टेंटेशन ऑफ पीकॉक्स’ असे एक हौशी समूहवाचक नाव आहे. पिसारा ताणून समोर धरणारा मोर डोळ्यांपुढे आणला की शब्दाचे मूळ वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही.

त्याहून उपयोगी गोष्ट पुढे आहे. ‘ऑस्टेंडेरे’पासून लॅटिनमध्ये ‘ऑस्टेंटारे’ हे पौनःपुन्यदर्शक क्रियापद बनले, म्हणजे तीच क्रिया पुन्हा पुन्हा करण्याचा अर्थ देणारे. इंग्रजीतले ‘ऑस्टेंटेशन’ या दुसऱ्या क्रियापदावरून आले आहे. आता मराठीत आपण पौनःपुन्य कसे दाखवतो? शब्द दोनदा उच्चारून. ‘दाखवून’ आणि ‘दाखवून दाखवून’ यांत जो फरक आहे, तोच लॅटिनमधल्या त्या दोन क्रियापदांत आहे. ‘तिने अंगठी दाखवली’ हे निरुपद्रवी वाक्य आहे, ‘ती अंगठी दाखवून दाखवून बोलत होती’ या वाक्यात मात्र बोलणाऱ्याचे नाक मुरडलेले दिसते. ‘ऑस्टेंटेशसली’साठी मराठीत इतका नेमका पर्याय घरातच असताना आपण ‘भपकेबाजपणे’ या अवजड शब्दाकडे का धावतो, हे मला अजून उमगलेले नाही.

पौनःपुन्य नसलेल्या ‘ऑस्टेंडेरे’वरूनही इंग्रजीत शब्द आले आहेत आणि त्यांत मिरवण्याचा दोष नाही. तत्त्वज्ञानात ‘ऑस्टेन्सिव्ह डेफिनिशन’ म्हणजे वस्तूकडे बोट दाखवून शब्दाचा अर्थ सांगणे. लहान मुलाला ‘हा चंद्र’ म्हणून आपण आकाशाकडे बोट करतो, ती अशी व्याख्या. त्याच शाखेतला ‘ऑस्टेन्सिबली’ हा शब्द मात्र ‘ऑस्टेंटेशसली’चा खरा शत्रू आहे. त्याचे पुढे पाहू.

उच्चार आणि लेखन

उच्चाराचे पाच तुकडे होतात: ऑस्, टेन्, टे, शस्, ली. मुख्य आघात तिसऱ्या तुकड्यावर, म्हणजे दुसऱ्या ‘टे’वर येतो, आणि पहिल्या ‘ऑस्’वर हलका आघात असतो. अमेरिकन उच्चारात पहिला स्वर ‘आ’कडे झुकतो. ‘शस्’च्या जागी ‘शियस’ म्हणण्याची सवय असेल तर ती सोडावी. लेखनात चौदा अक्षरे आहेत: ओ, एस, टी, ई, एन, टी, ए, टी, आय, ओ, यू, एस, एल, वाय. त्यांत ‘टी’ तीनदा येतो. घाईत मधले ‘टी-ए’ गळून ‘ऑस्टेंशस’ असा अस्तित्वात नसलेला शब्द तयार होतो. शेवटी ‘एल’ एकच आहे, कारण मूळ विशेषण ‘एस’ने संपते. तुलना करताना ‘मोअर ऑस्टेंटेशसली’ म्हणावे.

वाक्यात त्याची जागा

मराठीत क्रियाविशेषणाला बऱ्यापैकी मोकळीक असते. ‘त्याने मुद्दाम खुर्ची सरकवली’ आणि ‘त्याने खुर्ची मुद्दाम सरकवली’ ही दोन्ही वाक्ये आपल्याला चालतात. क्रियापद शेवटी असल्यामुळे क्रियाविशेषण कर्माच्या अलीकडे-पलीकडे कुठेही बसवता येते. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्या मध्ये क्रियाविशेषण शिरलेले सहसा खपत नाही. त्यामुळे ‘ही डिस्प्लेड ऑस्टेंटेशसली हिज मेडल्स’ हे वाक्य इंग्रजी वाचकाला अडखळवते. तिथे ‘ही ऑस्टेंटेशसली डिस्प्लेड हिज मेडल्स’ किंवा ‘ही डिस्प्लेड हिज मेडल्स ऑस्टेंटेशसली’ असे लिहावे. क्रियापदाच्या आधी ठेवले तर वाक्य सरळ पुढे जाते, आणि शेवटी ठेवले तर शब्दावर जोर येतो. मी बहुतेक वेळा आधी ठेवतो, कारण एवढा लांब शब्द वाक्याच्या शेवटी आला की तो स्वतःच थोडा ऑस्टेंटेशस वाटू लागतो.

वाक्य लांब असेल तर जागेमुळे अर्थही बदलतो. ‘शी ऑस्टेंटेशसली थँक्ड द मॅन हू हॅड हेल्प्ड हर’ या वाक्यात आभार मानण्यात देखावा आहे. तोच शब्द उचलून शेवटी ठेवला, ‘शी थँक्ड द मॅन हू हॅड हेल्प्ड हर ऑस्टेंटेशसली’, की वाचकाला देखावा मदत करण्यात होता असे वाटते, म्हणजे दोष त्या बिचाऱ्या माणसावर जातो. ज्या क्रियापदाला शब्द लागू करायचा असेल, त्याच्या शेजारीच तो बसवावा.

वाक्याच्या आरंभी स्वल्पविराम देऊन तो ठेवण्याचा मोह टाळलेला बरा. ‘ऑब्व्हियसली’ किंवा ‘फॉर्च्युनेटली’ ही क्रियाविशेषणे सबंध वाक्यावर लिहिणाऱ्याचे मत सांगतात, म्हणून ती आरंभी शोभतात. ‘ऑस्टेंटेशसली’ कृती कशी झाली ते सांगते, आणि म्हणून त्याला कृतीच्या जवळ राहावे लागते.

कोणत्या क्रियापदांबरोबर ते बसते, हेही याच गोष्टीवरून ठरते. ज्या क्रियेत काही दिसण्याजोगे किंवा ऐकू येण्याजोगे आहे, तिला हा शब्द लागतो: जांभई देणे, उसासा टाकणे, वही मिटणे, खर्च करणे, दान देणे, सजणे, दुर्लक्ष करणे. ‘नो’, ‘बिलीव्ह’, ‘ओन’ यांसारखी स्थिती सांगणारी क्रियापदे त्याला सोसत नाहीत. ‘ही ऑस्टेंटेशसली ओन्स थ्री कार्स’ हे वाक्य विचित्र आहे, कारण गाड्या मालकीच्या असणे ही दाखवण्याची कृती नव्हे. त्या गाड्या दिमाखात फिरवणे ही दाखवण्याची कृती. ‘शो ऑफ’ आणि ‘फ्लॉन्ट’ यांच्याबरोबरही तो नको, कारण मिरवण्याचा अर्थ त्या क्रियापदांत आधीच भरलेला आहे.

दुर्लक्ष करणे या यादीत पाहून कोणी चमकेल. ‘ही ऑस्टेंटेशसली इग्नोर्ड हर’ हा प्रयोग इंग्रजीत पूर्णपणे रुळलेला आहे आणि तो समजला की शब्दाची खुबी कळते. दुर्लक्ष म्हणजे न पाहणे, आणि न पाहणे दिसणार कसे? तर तो तिला ओलांडून पलीकडच्या माणसाशी हसून बोलतो, ती बोलू लागली की खिडकीकडे वळतो, आणि आपण तिच्याकडे पाहत नाही हे तिला आणि भोवतीच्यांना कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मराठीत हे ‘त्याने तिच्याकडे, तिच्या लक्षात येईल अशा बेताने, दुर्लक्ष केले’ असे नीट उतरते.

विशेषणाआधी

क्रियापदांइतकाच, किंबहुना त्याहून चटकदार, असा त्याचा वापर विशेषणाआधी होतो. ‘ऑस्टेंटेशसली पोलाइट’, ‘ऑस्टेंटेशसली कॅज्युअल’, ‘ऑस्टेंटेशसली मॉडेस्ट’, ‘ऑस्टेंटेशसली बोअर्ड’. इथे विशेषण जितके शांत आणि नम्र असेल तितकी टोचणी अधिक. नम्रता ही लपून राहण्यात शोभणारी गोष्ट असल्यामुळे तिच्यामागे हा शब्द लागला की ती उलटी होते. ‘ऑस्टेंटेशसली सिंपल’ म्हणजे साधेपणाचाच डामडौल. एखादी खोली मुद्दाम उघडीबोडकी ठेवलेली असते आणि त्या उघडेबोडकेपणाचे पाहुण्याने कौतुक करावे अशी यजमानाची अपेक्षा असते, तेव्हा हे दोन शब्द पुरतात. मराठीत अशा ठिकाणी क्रियाविशेषण शोधू नये. ‘नम्रतेचे प्रदर्शन करत’, ‘नको इतक्या अदबीने’, ‘आपल्याला काहीच पडलेली नाही हे दाखवत’ अशी रचना करावी, म्हणजे मराठी वाक्य मराठीसारखे वागते.

याच्या उलट टोकाला नकारार्थी रूप आहे. ‘अनऑस्टेंटेशसली’ हा शब्द कौतुकाचा आहे, आणि त्याला मराठीत तयार पर्याय आहेत: गाजावाजा न करता, डांगोरा न पिटता, कोणाला कळू न देता. शोकलेखांत आणि गौरवलेखांत हे रूप खूप दिसते, इतके की आता ते थोडे झिजलेले वाटते.

शेजारचे शब्द

आता ‘ऑस्टेन्सिबली’. दोन्ही शब्दांचे मूळ एक, आरंभ एक, आणि अर्थ जवळजवळ विरुद्ध. ‘ऑस्टेन्सिबली’ म्हणजे वरकरणी, वरपांगी, सांगायला म्हणून. त्यात दाखवलेल्या कारणाआड दुसरे कारण दडलेले असण्याचा संशय असतो. ‘ही केम ऑस्टेन्सिबली टू रिटर्न अ बुक’ याचा अर्थ, तो आला वरकरणी पुस्तक परत करायला, मनात काही वेगळेच होते. ‘ही ऑस्टेंटेशसली रिटर्न्ड द बुक’ याचा अर्थ, आपण पुस्तक परत करत आहोत हे सगळ्यांनी पाहावे अशा थाटात त्याने ते परत केले. एकात काहीतरी झाकलेले असते, दुसऱ्यात काहीतरी उघडे करून समोर ताणलेले असते. या दोघांची अदलाबदल मी छापील मजकुरातही पाहिलेली आहे, आणि ती वाक्यरचना तपासून सापडत नाही, कारण व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये शुद्ध असतात.

‘कॉन्स्पिक्युअसली’ हा दुसरा फसवा शेजारी. त्याचा अर्थ ‘सहज नजरेत भरेल असे’ एवढाच असून त्यात हेतू असलाच पाहिजे असे नाही. गर्दीत उंच माणूस कॉन्स्पिक्युअसली उंच दिसतो, तो उंचीचे प्रदर्शन करत नसतो. ‘कॉन्स्पिक्युअसली ॲब्सेंट’ म्हणजे ज्याची अनुपस्थिती लगेच जाणवली असा. तिथे ‘ऑस्टेंटेशसली ॲब्सेंट’ लिहिले तर तो मुद्दाम, निषेध दिसावा म्हणून आला नाही असा अर्थ निघेल. थोडा गोंधळ ‘कॉन्स्पिक्युअस कन्झम्प्शन’ या प्रसिद्ध शब्दप्रयोगाने वाढवला आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन वेब्लेन यांनी तो १८९९ साली रूढ केला, आणि त्यातला खर्च प्रतिष्ठा दाखवण्यासाठीच केलेला असतो, म्हणजे आपल्या शब्दाच्या अगदी जवळचा. पण तो पारिभाषिक जोडशब्द आहे. त्यावरून एकट्या ‘कॉन्स्पिक्युअसली’ला हेतू चिकटवू नये.

‘प्रिटेन्शसली’मध्ये अंगी नसलेला मोठेपणा असल्याचा आव असतो, म्हणून वर सांगितलेल्या पोकळ वाशाच्या म्हणी त्याला लागू पडतात. ‘पॉम्पसली’ बहुधा बोलण्याचालण्यातल्या अहंमन्यतेसाठी येतो. ‘लॅव्हिशली’ म्हणजे हात सैल सोडून, सढळपणे. घरात कोणी पाहुणा नसतानाही माणूस स्वतःवर लॅव्हिशली खर्च करू शकतो. ‘ब्लेटंटली’ म्हणजे बिनदिक्कत. बिनदिक्कत वागणाऱ्याला कोणी पाहिले तरी फिकीर नसते, ऑस्टेंटेशसली वागणाऱ्याला मात्र कोणी पाहिले नाही तर वाईट वाटते.

‘फ्लॅम्बॉयंटली’ला मी थोडी अधिक जागा देतो, कारण परीक्षेच्या तयारीत हे दोन शब्द समानार्थी म्हणून पाठ केले जातात. ‘फ्लॅम्बॉयंट’ हा मूळचा फ्रेंच शब्द ज्वाळेवरून आला आहे. मध्ययुगाच्या अखेरीस फ्रान्समध्ये बहरलेल्या गॉथिक वास्तुशैलीच्या एका प्रकाराला, खिडक्यांच्या दगडी नक्षीतल्या ज्वाळेसारख्या वळणांवरून, हेच नाव आहे. त्या शब्दात रंग आहे, धिटाई आहे, स्वतःच्या आनंदात रमणे आहे, आणि तो स्तुतीसाठीही वापरला जातो. नर्तक फ्लॅम्बॉयंटली नाचला, असे म्हटले तर तो खूश होईल. तो ऑस्टेंटेशसली नाचला, असे म्हटले तर त्याला राग यावा. गंमत म्हणजे आपला ‘टेंभा’ही मशालच, पण ‘टेंभा मिरवणे’ हा वाक्प्रचार अर्थाने फ्लॅम्बॉयंटपेक्षा ऑस्टेंटेशसच्या पंगतीला बसतो.

‘पॉइंटेडली’ आणि ‘ऑस्टेंटेशसली’ यांच्या सीमा खरोखरच एकमेकींत मिसळतात. घड्याळाच्या प्रसंगात वक्त्यालाच कळावे, की आता आवरा, असा रोख असेल तर ‘पॉइंटेडली’ अधिक नेमके. ते टोमण्यासारखे एका व्यक्तीकडे वळलेले असते. सगळ्या खोलीने पाहावे असा आविर्भाव असेल तर ‘ऑस्टेंटेशसली’. अनेक वाक्यांत दोन्ही चालतात, आणि तिथे वाद घालत बसू नये.

वापरताना घ्यायची काळजी

हे क्रियाविशेषण कृतीबरोबर हेतूही सांगते, आणि दुसऱ्याचा हेतू आपल्याला दिसत नसतो. कथेत निवेदकाला पात्रांच्या मनात शिरण्याचा अधिकार असतो, त्यामुळे तिथे तो खुशाल वापरावा. बातमी, अहवाल, इतिवृत्त, तक्रारअर्ज यांत मात्र ‘अध्यक्ष ऑस्टेंटेशसली उठून गेले’ असे लिहिणे म्हणजे वर्णनाच्या वेषात निकाल देणे होय. अध्यक्ष कागद आपटून उठले, दार उघडे टाकून गेले, हे दिसलेले लिहावे आणि निकाल वाचकाला देऊ द्यावा. कोणी भडक रंगाचे कपडे घातले, तर ते त्याला आवडतात म्हणूनही घातलेले असू शकतात. कपडे पाहून हा शब्द लिहिण्याआधी माणूस पाहावा.

स्वतःबद्दल तो वापरता येतो, पण स्वतःची थट्टा करतानाच. ‘आय ऑस्टेंटेशसली ओपन्ड अ बुक’ असे म्हणणारा माणूस, आपल्याला त्रास देऊ नका हे दाखवायला मी पुस्तक उघडले, अशी हसत हसत कबुली देत असतो. अर्जात किंवा परिचयपत्रात स्वतःच्या कामाची स्तुती म्हणून हा शब्द लिहिल्याचे एकदा पाहिले आहे. लिहिणाऱ्याला ‘ठळकपणे’ म्हणायचे होते. तिथे ‘प्रॉमिनंटली’ हवे होते.

बोलताना हा शब्द क्वचितच येतो. गप्पांत इंग्रजी भाषक ‘ही मेड अ बिग शो ऑफ चेकिंग हिज वॉच’ असे म्हणतो आणि तेच अधिक सहज वाटते. लेखनातही एका प्रकरणात एकदा आला तर खमंग लागतो, दोनदा आला तर वाचकाला लेखकाची लकब दिसू लागते.

हात बसवण्यासाठी

पुढचे प्रसंग वाचून, उत्तर पाहण्याआधी, प्रत्येकासाठी क्रियाविशेषण ठरवून पाहावे. एका देणगीदाराने आपले नाव कुठेही येऊ नये अशी अट घालून ग्रंथालयाला मोठी रक्कम दिली: ‘अनऑस्टेंटेशसली’. नवा कर्मचारी फाइल मागण्याच्या निमित्ताने वरिष्ठांच्या खोलीत गेला, खरे तर त्याला बदलीचा अंदाज घ्यायचा होता: ‘ऑस्टेन्सिबली’. करड्या भिंतीवर एकच लाल चौकट उठून दिसत होती: ‘कॉन्स्पिक्युअसली’, कारण चौकटीला हेतू नसतो, ती टांगणाऱ्याला असू शकतो, पण वाक्य चौकटीचे आहे.

बैठकीत आपला प्रस्ताव फेटाळला गेल्यावर तिने वही मिटली, पेनाला टोपण लावताना टक् असा आवाज होऊ दिला, पेन वहीवर आडवे ठेवले, हातांची घडी घातली आणि उरलेला वेळ छताकडे पाहत काढला. इथे ‘शी ऑस्टेंटेशसली स्टॉप्ड टेकिंग नोट्स’ हे वाक्य चपखल बसते, आणि मराठीत आणायचे झाल्यास ‘आपण आता काही लिहून घेणार नाही हे सगळ्यांना दिसेल अशा रीतीने तिने वही मिटली’ असे करता येईल.

शेवटचा प्रसंग जरा अडचणीचा आहे. एक माणूस बंद खोलीत आरशासमोर एकटा उभा आहे. दुसऱ्या दिवशीच्या भाषणासाठी तो हात उंचावतो, थांबतो, मान तिरकी करून स्वतःकडे पाहतो आणि तोच हावभाव पुन्हा करतो. खोली रिकामीच आहे, म्हणजे आपल्या कसोटीने शब्द बाद व्हायला हवा. तरीही त्याच्या मनात सभागृह भरलेले आहे, आणि निवेदकाला त्याची टिंगल करायची असेल तर ‘ऑस्टेंटेशसली’ त्याला वर्ज्य नाही. मी मात्र तिथे ‘थिएट्रिकली’ लिहीन आणि ‘ऑस्टेंटेशसली’ दुसऱ्या दिवशी तो व्यासपीठावर चढेपर्यंत राखून ठेवीन.